दुसऱ्या मशीनवर अडकलेली प्रोसेस घरबसल्या कशी बंद करायची?

स्लोलोकल (रविवार, सकाळी ९:१०)

मंडळी, रविवारी सकाळीच त्रास देतोय, पण नाइलाज आहे.

फोर्टमधल्या एका छोट्या सीए ऑफिसातली कॉम्प्युटरची कामं मी बघतो. मूळचा अकाउंट्सवाला, हे काम हळूहळू गळ्यात पडलं. उद्या वीस तारीख, म्हणजे जीएसटी ३बी भरायची शेवटची तारीख. त्याआधी आज डेटा दुरुस्त करून बॅकअप घ्यायचा होता. डेटाचा फोल्डर मागच्या खोलीतल्या एका पीसीवर शेअर केलाय, त्याला आम्ही कौतुकाने सर्व्हर म्हणतो. पण अकाउंट्सचं सॉफ्टवेअर म्हणतंय की कंपनी (म्हणजे हिशोबाचा डेटा) दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे, आधी ती बंद करा.

टेबल ४ वरचा आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारा मुलगा) शनिवारी संध्याकाळी सगळं उघडं टाकून, स्क्रीन लॉक करून गेला असणार. त्याची ती सवयच आहे. त्याचा फोन बंद. मी डोंबिवलीत, आणि आज मेगाब्लॉक. एका प्रोसेससाठी (म्हणजे चालू राहिलेल्या एका प्रोग्रॅमसाठी) जाऊन-येऊन अख्खा रविवार घालवायची इच्छा नाही.

व्हीपीएनवरून (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सोय) सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप मिळतो. टेबल ४ वर रिमोट डेस्कटॉप कधी चालूच केलं नव्हतं. सगळी मशीनं विंडोज १० किंवा ११ प्रो आहेत, साधा वर्कग्रुप आहे (प्रत्येक मशीनची खाती त्याच्यापुरती), डोमेन (सगळी खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नाही. सर्व्हरवर बसून टेबल ४ वर काय चालू आहे ते बघता येईल का, आणि त्यातली एकच प्रोसेस बंद करता येईल का? टास्क मॅनेजरमध्ये तर दुसरं मशीन जोडायची सोय कुठेच सापडत नाही.

---

खिडकीतला_वारा (सकाळी ९:२५)

टास्क मॅनेजरमध्ये ती सोय नाहीच, शोधू नकोस. कमांड प्रॉम्प्ट उघड. विंडोजमध्ये यासाठी दोन कमांड XP प्रोफेशनलपासून आहेत, वेगळं काही उतरवायला लागत नाही. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत कर.

बघण्यासाठी: टास्कलिस्ट /एस टेबल४ /यू टेबल४\ॲडमिन

बंद करण्यासाठी: टास्ककिल /एस टेबल४ /यू टेबल४\ॲडमिन /पीआयडी आणि पुढे यादीत दिसलेला नंबर

/एस नंतर मशीनचं नाव किंवा आयपी. पासवर्डासाठी /पी आहे, पण तो गाळ. कमांड स्वतःच विचारते आणि पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही. नंबराऐवजी नावाने बंद करायचं असेल तर /आयएम आणि प्रोसेसचं पूर्ण नाव, शेवटच्या डॉट ईएक्सई सकट. तिने पुढे जन्माला घातलेल्या प्रोसेसही जायला हव्या असतील तर /टी.

आणि खरं सांगू? एका मशीनवर थांबूच नकोस. सगळ्या मशीनची नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिही, फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक नावासाठी तीच कमांड चालवणारी ओळ) लाव, आणि प्रत्येक मशीनवर /आयएम ने ते सॉफ्टवेअर बंद कर. एका एंटरमध्ये ऑफिस साफ. आमच्याकडे रोज रात्री असंच चालतं.

---

मीनलताई (सकाळी ९:४१)

वाऱ्या, रोज रात्री असंच चालतं, मग तुमच्याकडे दर आठवड्याला डेटा दुरुस्त करायला लागत असेल.

स्लोलोकल, लूप लावू नकोस. आधी टास्ककिल आणि स्लॅश प्रश्नचिन्ह देऊन मदतीचं पान वाच. त्यात शेवटी एक टीप आहे, लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. दुसऱ्या मशीनवरची प्रोसेस नेहमी जबरदस्तीनेच बंद होते, मग तू /एफ लिही किंवा लिहू नकोस.

आपल्याच मशीनवर /एफ न देता टास्ककिल चालवलं तर विंडोज त्या प्रोग्रॅमला बंद हो म्हणून निरोप देतं. मग प्रोग्रॅम ‘सेव्ह करू का?’ विचारतो, अर्धवट फाइल नीट मिटवतो, आपलं आवरून जातो. नेटवर्कवरून तो निरोप जातच नाही. थेट संपवणं. एक्सेल उघडं असेल तर शेवटच्या सेव्हनंतरचं गेलं. शेअर केलेल्या डेटा फाइलमध्ये त्या क्षणी काही लिहिलं जात असेल, तर फाइल अर्धवट राहते आणि मग ती दुरुस्ती तुझ्या रविवारात मावणार नाही.

तेव्हा आधी खात्री कर की ती प्रोसेस खरोखर बेवारशी आहे. यातही एक अडचण आहे. आपल्या मशीनवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशा प्रोसेस गाळणी लावून वेगळ्या काढता येतात. दुसऱ्या मशीनला विचारताना खिडकीचं शीर्षक आणि स्टेटस या दोन्ही गाळण्या चालत नाहीत. म्हणजे अडकलंय की नुसतं निवांत बसलंय, हे विंडोज तुला सांगणार नाही.

मी काय करते, टास्कलिस्टला /व्ही जोडते. मग प्रत्येक प्रोसेसपुढे ती कोणाच्या नावाने चालली आहे आणि आतापर्यंत तिने किती सीपीयू टाइम (प्रोसेसरचा वेळ) खाल्लाय ते दिसतं. आकडा लिहून ठेवायचा, चहा घेऊन यायचं, पुन्हा बघायचा. आकडा हलला असेल तर तिला हात लावायचा नाही. हलला नसेल तरी तो पुरावा नाही, नुसता सुगावा आहे. माणूस स्क्रीनकडे बघत विचार करत बसलेला असू शकतो.

---

खिडकीतला_वारा (सकाळी ९:४८)

ताई, रविवारी सकाळी फोर्टात कोण विचार करत बसलंय? तिथे आत्ता कबुतरं सोडून कुणी नसेल.

---

स्लोलोकल (सकाळी १०:०५)

लूप नाही लावला. टेबल ४ ला विचारलं तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, त्याच नावाने मी त्या मशीनसमोर बसून सॉफ्टवेअरं टाकली आहेत. सहज म्हणून टेबल ३ ला विचारलं, तर तिकडून वेगळंच: ‘द आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल’.

---

नेटवर्क_नाना (सकाळी १०:३२)

दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध देऊ नका.

आरपीसीचा एरर म्हणजे तुमची हाक तिकडे पोचलीच नाही. एकतर मशीन बंद आहे, नाव चुकलंय, किंवा फायरवॉल आडवी आली आहे. पिंग (मशीन उत्तर देतं का ही चाचणी) जातं आणि तरी हा एरर येतो, तर फायरवॉलच समजा. टास्कलिस्ट पलीकडच्या मशीनशी डब्ल्यूएमआयमधून, म्हणजे विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन या दुरून मशीन सांभाळायच्या सोयीतून, बोलतं. आधी १३५ नंबरच्या पोर्टवर दार ठोठावतं, आणि खरं बोलणं वरच्या कुठल्यातरी पोर्टवर होतं. व्हिस्टापासून ती रेंज ४९१५२ ते ६५५३५ आहे. म्हणून नुसतं १३५ उघडून काम होत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’ नावाचा नियमांचा तयार गट आहे, तो चालू करायचा. तोही प्रायव्हेट प्रोफाइलला, पब्लिकला नाही. ऑफिसचं नेटवर्क एखाद्या मशीनवर चुकून पब्लिक ठरलंय का, तेही बघा. निम्म्या वेळा घोडं तिथेच पेंड खातं.

‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणजे हाक पोचली, पण तुम्हाला आत घेतलं नाही. टेबल ४ ची फायरवॉल बहुधा एएमसीवाल्याने (देखभालीचं वार्षिक कंत्राट असलेल्याने) कधीतरी उघडून ठेवली असणार. वर्कग्रुपमध्ये लोकल ॲडमिन खातं नेटवर्कवरून आलं की यूएसी (विंडोजची अधिकारांवरची राखण) त्याचे ॲडमिनचे अधिकार काढून घेतं. खुर्चीवर बसून तुम्ही ॲडमिन, वायरीतून आलात की साधे युजर. पासवर्ड बरोबर असला तरी हेच होतं. डोमेन असतं तर डोमेनच्या ॲडमिनला ही कात्री लागली नसती.

यातून सुटका दोन तऱ्हांनी. विंडोजबरोबर येणारं मूळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं खातं यातून वगळलेलं असतं. नव्या मशीनवर ते बंद असतं, पण आपल्याकडे मशीन मांडून देणारी मंडळी बऱ्याचदा ते चालू करून ठेवतात. त्याने एकदा करून बघा. दुसरी तऱ्हा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांचा साठा), लोकल-अकाउंट-टोकन-फिल्टर-पॉलिसी नावाची किंमत १ करायची. पण त्यासाठी टेबल ४ समोर बसावं लागेल, म्हणजे आज उपयोग नाही.

आणि उद्याही सगळ्या मशीनवर ती सरसकट लावू नका. छोट्या ऑफिसात सगळीकडे ॲडमिनचा पासवर्ड एकच असतो. त्यात ही किंमत १ केली, की एका मशीनवर व्हायरस घुसला तर त्याला बाकीच्या टेबलांवर ॲडमिन म्हणून फिरायला मोकळं रान. निदान पासवर्ड तरी प्रत्येक मशीनचा वेगळा हवा.

---

टर्मिनल_तात्या (सकाळी १०:४०)

एवढा खटाटोप बघून लिनक्सवाल्यांच्या वतीने सहानुभूती व्यक्त करतो. आमच्याकडे एसएसएच करायचं (दुरून लॉगइन), टॉप बघायचं (चालू प्रोसेसची यादी), किल करायचं. संपलं.

---

नेटवर्क_नाना (सकाळी १०:४४)

तात्या, तुमच्या त्या ‘संपलं’ मध्ये काय काय दडलंय ते सांगा की. आम्हालाही कळू दे.

---

टर्मिनल_तात्या (सकाळी ११:१५)

सांगतो. आज मुलुंडला पाणी येणार नाही, वेळ आहे.

एसएसएचमध्ये गंमत अशी की तुम्ही खरोखर त्या मशीनवरच जाता. तिथली पीएस (तीही प्रोसेसची यादीच), तिथली टॉप. म्हणून दुरून आलात म्हणून आदबीने बंद करता येत नाही, हा विंडोजचा प्रकार इथे नाही. साधं किल म्हणजे सिग्नल १५. प्रोसेसला आवरायला वेळ मिळतो, तिला हवं तर ती दुर्लक्षही करू शकते. किल -९ ला दुर्लक्ष करता येत नाही, पण आवरायलाही मिळत नाही. आमच्या लॅबमधली पोरं पहिल्याच झटक्याला -९ मारतात आणि मग लॉक फाइली आणि तात्पुरत्या फाइली झाडत बसतात. १५ द्या, थोडं थांबा, मग ९.

आता ९ ने सुद्धा न मरणाऱ्या दोन जाती. पीएसमध्ये स्थितीच्या रकान्यात झेड दिसलं तर ती झॉम्बी. ती आधीच मेलेली आहे, फक्त तिच्या आईने तिची नोंद अजून घेतलेली नाही. तिला गोळ्या घालून काय होणार? आईकडे बघा. आईला बंद केलंत की पोर इनिटच्या (सगळ्यात पहिल्या प्रोसेसच्या) ओटीत जाते आणि नोंद निघते.

दुसरी जात डी. ही खरी छळणारी. प्रोसेस कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत अडकलेली असते. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर मधेच गेला आणि त्यावरची फाइल कुणी वाचत होतं, की हे हमखास. अशा वेळी किल देत राहायचं नाही, तो सर्व्हर परत आणायचा. तो आला की प्रोसेस आपोआप हलते आणि आधी दिलेला सिग्नलही तेव्हाच लागू होतो. लोड ॲव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी) चाळीसवर आणि सीपीयू मात्र रिकामा, असं चित्र दिसलं तर डी शोधा. नवशिके इथे सीपीयू खाणारी प्रोसेस शोधत बसतात आणि ती नसतेच.

नावाने मारायचं असेल तर पीकिल (नावाने मारणारी) आधी नको, पीग्रेप (नावाने नुसती शोधणारी) आधी. तेच शब्द पीग्रेपला द्या, काय यादी येते ती डोळ्यांनी बघा, मगच पीकिल. -एफ लावलंत तर तो पूर्ण कमांड ओळीत शब्द शोधतो, आणि ‘रिपोर्ट’ एवढाच शब्द दिलात तर कुणीतरी एडिटरमध्ये उघडलेली रिपोर्टची फाइलही त्यात सापडते. जुन्या सोलारिसवर (युनिक्सचा एक प्रकार) किलऑल नावाची कमांड खरोखर सगळंच मारायची. लिनक्सची सवय घेऊन सोलारिसवर गेलेल्यांच्या तोंडून या गोष्टी ऐकाव्यात.

आणि एसएसएच तुटलं की तुमचं चालू कामही बहुधा मरतं, म्हणून लांबलचक कामं टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम). संपलं. आता खरंच संपलं.

---

खिडकीतला_वारा (सकाळी ११:२२)

तात्या, टाळ्या. पण विंडोजमध्येही पॉवरशेल (कमांड प्रॉम्प्टचा नवा भाऊ) आहे म्हटलं. इन्व्होक-कमांड देऊन आत स्टॉप-प्रोसेस लिहायचं. नुसत्या स्टॉप-प्रोसेसला दुसऱ्या मशीनचं नाव देताच येत नाही. गेट-प्रोसेसला पॉवरशेल ५.१ पर्यंत देता यायचं, ६ पासून तेही काढलं. इन्व्होक-कमांडला विनआरएम (विंडोजची दुरून कमांड घेणारी सेवा) लागतं, पोर्ट ५९८५. पण ते पलीकडच्या मशीनवर आधी चालू केलेलं हवं, आणि वर्कग्रुपमध्ये ट्रस्टेड होस्टच्या यादीत नाव घालायला लागतं. म्हणजे आज स्लोलोकलच्या कामाचं नाही, पुढच्या वेळेसाठी.

डब्ल्यूएमआयसी (डब्ल्यूएमआयची जुनी कमांड) सुचवणारे येतीलच, तर आधीच सांगतो. त्याच्या मागे लागू नका, मायक्रोसॉफ्टने ते मोडीत काढलंय.

---

स्लोलोकल (सकाळी ११:५०)

नाना, तुमच्या तोंडात साखर. मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खातं टेबल ४ वर चालू निघालं. यादी आली. सॉफ्टवेअरची प्रोसेस त्यात आहे, आर्टिकलच्याच नावाने. सीपीयू टाइम बघितला, वीस-पंचवीस मिनिटांनी परत बघितला, एक सेकंदही हललेला नाही. आता उडवू?

---

मीनलताई (दुपारी १२:०२)

एक मिनिट. तू आहेस कुठे? सर्व्हरवर ना? मग फाइल कोणी धरून ठेवली आहे ते सर्व्हरलाच विचार की. टेबल ४ हा तुझा अंदाज आहे.

सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघड, शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. डेटाची कुठली फाइल कोणत्या युजरने उघडली आहे ते तिथे दिसेल. तुमच्याकडे सगळेजण एकाच खात्याने शेअरला जोडलेले असतील (असणारच), तर युजर बघून काही कळणार नाही. तेव्हा पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून गेट-एसएमबी-ओपन-फाइल चालव, त्यात क्लायंटच्या मशीनचाही रकाना आहे, बहुधा आयपी दिसेल.

तिथूनच फाइल बंद करायचीही सोय आहे. ती आज वापरू नकोस. तिकडचा प्रोग्रॅम चालूच राहतो आणि त्याच्या पायाखालची फाइल तेवढी निघून जाते, हे प्रोसेस मारण्याहून वाईट. प्रोसेस गेली की निदान तिने धरलेल्या फाइली विंडोज स्वतःच सोडवतं.

---

चाळकरी (दुपारी १२:१०)

मधेच विचारतो. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा प्राणी दिवसभर टॉरेंट लावून बसतो, नेट रांगतं. मी आयटीत नाही, पण ॲडमिनचा पासवर्ड मला माहीत आहे. वरच्या कमांडने त्याचं टॉरेंट रोज उडवलं तर कळेल का त्याला?

---

नेटवर्क_नाना (दुपारी १२:१९)

त्याला कळो न कळो, तुम्ही करू नका. मालकाच्या किंवा मशीन सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या मशीनमध्ये शिरणं हेच माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. बदमाशीने केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पासवर्ड माहीत असणं म्हणजे परवानगी नव्हे. आणि विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये नेटवर्कवरून कोण लॉगइन झालं ते कुठल्या मशीनवरून आलं यासकट पडतं.

राउटर ज्याच्या हातात आहे त्याला सांगा, तो त्या मशीनचा वेग बांधून देईल. दहा मिनिटांचं काम.

---

स्लोलोकल (दुपारी १२:४८)

बापरे. मीनलताई, साष्टांग.

डेटाची फाइल दोन मशीनवरून उघडी होती. एक टेबल ४. दुसरं टेबल २!

टेबल २ ला तोच ॲडमिनिस्ट्रेटर वापरून टास्कलिस्ट लावलं, तर सीपीयू टाइम दर वेळी पुढे. ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला तर रिसेप्शनला वाजत राहिला. मग आर्टिकल लोकांच्या ग्रुपवर विचारलं. गिरगावातली आमची एक मुलगी चावी मागून सकाळपासून ऑफिसात बसली आहे! तिच्याकडच्या दोन क्लायंटची खरेदीची बिलं राहिली होती. हेडफोन लावून एंट्र्या मारत होती, रिसेप्शनचा फोन ऐकू येणारच नाही.

तिला म्हटलं, टेबल ४ वरचं उघडं सॉफ्टवेअर तेवढं बंद कर. पण स्क्रीन लॉक, आणि त्या महाशयांचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तेव्हा टास्ककिलच कामी आलं. मारायच्या आधी पीआयडी पुन्हा बघून घेतला, नंबराने एकच प्रोसेस बंद केली. ओपन फाइल्समधून टेबल ४ गेलं. आता ती बिलं संपवून बाहेर पडली की मी दुरुस्ती आणि बॅकअप चालवतो. अंदाजे तीन वाजता.

---

खिडकीतला_वारा (दुपारी १२:५५)

कबुतरांचं विधान मागे घेतो.

ताई, रात्रीच्या लूपचं काय करू ते सांगा आता.

---

मीनलताई (दुपारी १:२०)

लूप मशीनच्या बाहेरून मारू नकोस. प्रत्येक मशीनवरच टास्क शेड्युलरमध्ये रात्री आठचं काम लाव, टास्ककिल /आयएम, /एफ शिवाय, आणि ‘युजर लॉगऑन असेल तेव्हाच चालव’ हा पर्याय निवड. दुसरा पर्याय निवडलास तर काम वेगळ्या सेशनमध्ये चालतं आणि तिथून युजरच्या खिडकीला निरोप पोचत नाही. असं लावलंस तर ज्याचं काही सेव्ह करायचं नाही तो प्रोग्रॅम मुकाट बंद होतो. ज्याचं आहे त्याच्या स्क्रीनवर ‘सेव्ह करू का?’ उभं राहतं, आणि ते सकाळपर्यंत तसंच राहील. त्या प्रोग्रॅमची फाइल रात्रभर उघडीच असेल, म्हणजे बॅकअपला तेवढं मशीन आडवं येईल. पण कुठलं ते सर्व्हरवर दिसेल.

---

स्लोलोकल (दुपारी ४:३५)

दुरुस्ती झाली, बॅकअप झाला, एक प्रत बाहेरच्या डिस्कवरही घेतली. टेबल ३ ची फायरवॉल उद्या तिथे गेल्यावर बघतो. पासवर्ड वेगळे करायचं सरांच्या कानावर घातलंय, ते म्हणाले मार्च संपल्यावर.

ताई, ते आठ वाजताचं काम सगळीकडे लावू, की आधी एकाच मशीनवर?

---

मीनलताई (दुपारी ४:५०)

टेबल ४ वर लाव आधी. साडेसातचं लाव.